भाच्याचं मीटर

लेसिया ओलेक्सिनकडे काही विकायला आलेला माणूस सुरुवातीला फार खूश असायचा. बाई हसतमुख, कॉफी स्वतः ओतून देणारी, वर मधाच्या केकचा भला मोठा तुकडा पुढे सरकवणारी. मग ती करारनामा हातात घ्यायची, शेवटच्या पानापासून उलटा वाचायला लागायची, आणि पाहुण्याच्या घशात केक अडकायचा. बारीक अक्षर शेवटी असतं आणि खरे पैसे बारीक अक्षरात असतात, हे तिचं ठाम मत होतं. ते बदलायला लावील असा विक्रेता तिला अजून भेटायचा होता.

यॉर्कटनच्या गारपीट विमा कंपनीत ती खरेदी बघायची. कॅनडातल्या सस्कॅचवनच्या शेतकऱ्यांनी आपापल्यात काढलेली ही कंपनी. नाव लांबलचक आहे, पण कनोला ही तेलबी पेरणाऱ्यापासून केस कापणाऱ्यापर्यंत गावात सगळे तिला नुसतं 'म्युच्युअल' म्हणतात. छपाईच्या शाईपासून संगणकाच्या प्रणालींपर्यंत म्युच्युअलमध्ये जे येई ते लेसियाच्या सहीने येई. वय पंचावन्नच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र असा की कर्लिंगच्या खेळात, सरकत्या दगडापुढचा बर्फ झाडूने घासायला, ती आपल्या गड्यांना "घासा, घासा!" म्हणून ओरडली की शेजारच्या पट्टीवरचे लोकही झाडू चालवायला लागत. कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती याच कंपनीच्या फोनखोलीत कानाला यंत्र लावून बसलेली. पुढे एका धान्य कंपनीत बरीच वर्षं यंत्रांचे सुटे भाग विकत घेतले. तिथे "पोरी, तुला यातलं काय कळतंय" असं म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि त्या प्रत्येकाकडून तिने दर पाडून घेतला. म्युच्युअलमध्ये परत आली ती खरेदीप्रमुख होऊन.

फोनखोली म्हणजे म्युच्युअलचा जीव. गारा पडल्या की शेतकरी आधी आभाळाला शिव्या घालतो आणि मग तिथे फोन करतो. एरवी तिथे गावातल्या आठ-दहा बायका, जुलै-ऑगस्टात चाळीसेक. वित्त बघणाऱ्या डेरिक फ्रीसनला ही खोली डोळ्यात सलायची. माणूस वाईट नव्हता, पण आकडा दिसला की त्याला तो लहान करावासा वाटे. फोन लांबच्या ओंटारियो प्रांतातल्या एका कंपनीकडे सोपवावेत असं तो संचालकांना दोन वर्षं सांगत होता, आणि संचालक हळूहळू माना डोलवायला लागले होते.

लेसियाने त्याला आडवा घातला तो हा भाचा. भाचा म्हणजे कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. फोनवरचं बोलणं ऐकायचं, शेतकऱ्याच्या जमिनीची माहिती पुढ्यात आणायची, दाव्याचा मसुदा लिहून द्यायचा, हे त्याचं काम. उन्हाळ्यापुरता घरी राहायला आलेला, हुशार आणि सांगितलं ते ऐकणारा, म्हणून फोनखोलीने त्याचं नाव भाचा ठेवलं. "फोन इथेच ठेवा. बायकांच्या हाताशी हा द्या. चाळिसांचं काम पंचवीस जणी करतील आणि ओंटारियोपेक्षा स्वस्त पडेल," असं लेसियाने बैठकीत छातीठोक सांगितलं. संचालकांनी वर्षाची मुदत दिली.

दर दोन तऱ्हांचे होते. एक माणशी: जितकी माणसं वापरणार तितक्यांचे ठरलेले पैसे, वापर अमर्याद. दुसरा वापरावर: विजेच्या मीटरसारखा. विकणारा तरुण टोरंटोहून फोनवर होता. त्याला माणशी दर गळ्यात मारायचा होता.

"अमर्याद म्हणजे किती?" लेसियाने विचारलं.

"अमर्याद म्हणजे... अमर्याद, मॅडम."

"मग शेवटून दुसऱ्या पानावर 'वाजवी वापर' कशाला लिहिलंय? वाजवी कुणाच्या मते, तुझ्या की माझ्या?"

"ते कलम फार क्वचित लागू होतं हो."

"गारासुद्धा क्वचितच पडतात, बाळा. आमचं सगळं पोट त्याच्यावर आहे."

शिवाय माणशी दरात मेख अशी होती की माणसं उन्हाळ्यातल्या गर्दीच्या हिशेबाने धरायची आणि पैसे बारा महिन्यांचे मोजायचे. जानेवारीत, गाड्यांची इंजिनं रात्रभर विजेवर तापवत ठेवावी लागतात तेव्हा, रिकाम्या खुर्च्यांचं भाडं कोण भरणार? लेसियाने मीटर घेतलं. हा भाचा शब्दांचे बारके तुकडे मोजतो. त्यांना टोकन म्हणतात. आत गेलेल्या तुकड्यांना एक दर, त्याने लिहून दिलेल्या तुकड्यांना त्याहून चढा. तिने वरच्या मजल्यावरच्या अधिकाऱ्यांना काही दिवस तो वापरायला दिला, सरासरी काढली, वर्षाच्या फोनांनी गुणली, वर थोडं जास्तीचं धरलं आणि संचालकांना शब्द दिला: महिन्याला तीन हजार डॉलर. खरेदीच्या धंद्यात माणसाची पत म्हणजे त्याने सांगितलेला आकडा. लेसियाचा आकडा आजवर कधी फार चुकला नव्हता.

पहिल्या दोन महिन्यांची बिलं त्यात बसली. एप्रिलचं बिल आलं अकरा हजारांचं.

डेरिक ते घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "लेसिया, तुझा भाचा खातो तरी काय?"

"बघते."

"बघायला काय राहिलंय? जूनमध्ये बैठक आहे. वरच्या तीस जणांपुरता माणशी दर घेऊ, फोन ओंटारियोला देऊ, विषय संपला. मी ठराव लिहायला घेतो."

"लिही की. कागद स्वस्त आहे, मीच घेतलाय," लेसिया म्हणाली आणि कॉफीचा पेला उचलून खाली गेली.

ती घाबरली नव्हती. वाईट मात्र वाटलं होतं, आणि त्याहून जास्त कुतूहल. यंत्र बिघडलं तर ते तसंच सगळ्यांसाठी बिघडतं. इथे वरच्या मजल्याचा वापर होता तेवढाच होता, फुगला होता तो खालचा. म्हणजे खाली काहीतरी वेगळं घडत होतं, आणि ते कागदावरून कळण्यासारखं नव्हतं. ती व्हर्ना पासिएकाशेजारी खुर्ची ओढून बसली. व्हर्ना फोनखोलीत सर्वांत जुनी. लेसियाला कॉलेजच्या दिवसांत कानाचं यंत्र कसं लावायचं ते तिनेच शिकवलं होतं, आणि अजूनही ती तिला पोरगीच समजे.

"काय गं पोरी, वर करमेना का?"

"तू काम कर. मी नुसती बघते."

फोन आला. कॅमसॅकजवळचा एक शेतकरी, नाव स्टॅन. व्हर्नाने पडद्यावर त्याच्या नावाचं भाच्याबरोबरचं संभाषण उघडलं आणि बोलणं सुरू झालं. स्टॅनच्या खुब्याचं ऑपरेशन, स्टॅनच्या नातीचं लग्न, लग्नात पिरोही, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, कोण करणार, रस्त्यावरची खडी, आणि मग शेवटी मसुराचा विमा किती एकरांचा काढायचा. भाच्याने बिनचूक उत्तर दिलं. लेसिया पडद्याकडे बघत होती. ते संभाषण वर सरकवलं तर संपतच नव्हतं.

"व्हर्ना, हे कधीपासून चालू आहे?"

"स्टॅनचं ना? फेब्रुवारीपासून. भाचा आला त्या दिवसापासून."

"प्रत्येक फोन ह्याच एका संभाषणात?"

"मग? एक शेतकरी, एक फाइल. तुला मीच नाही का शिकवलं? आणि भाच्याला सगळं आठवतं बघ. मागच्या खेपेला खुब्याचं विचारलंन् आपणहून."

लेसियाने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. भाच्याला काहीच आठवत नव्हतं. त्याची स्मरणशक्ती म्हणजे दर वेळी सगळी पोथी पहिल्यापासून वाचणं. व्हर्नाने एक ओळ विचारली की यंत्रात फेब्रुवारीपासूनचं सगळं बोलणं पुन्हा आत जाई, खुबा, नात आणि पिरोहीसकट, आणि त्या प्रत्येक तुकड्याचे पैसे पुन्हा लागत. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. खोलीतल्या सगळ्या बायका, शेकडो शेतकरी, आणि प्रत्येकाची न संपणारी कहाणी. ही चूक दुसऱ्या कुठल्या कंपनीत झालीच नसती. तिथे लोक विचारतात, उत्तर घेतात, खिडकी मिटतात. म्युच्युअलमध्ये शेतकऱ्याची फाइल मिटत नसते.

हे कळलं तरी काम झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने फोनखोलीला सांगितलं, "प्रत्येक फोननंतर संभाषण बंद करायचं," आणि बायकांनी कानांची यंत्रं उतरवून तिच्याकडे बघितलं.

"बंद?" व्हर्ना म्हणाली. "फाइल बंद कधी करतात ठाऊक आहे ना तुला? माणूस मेला की. नाहीतर जमीन विकून व्हिक्टोरियाला समुद्रकाठी राहायला गेला की, म्हणजे तेच."

"फाइल नाही गं, नुसतं भाच्याशी बोलणं."

"स्टॅन अजून जिवंत आहे, लेस. मी त्याचं काही बंद करणार नाही."

बाकीच्यांनी माना हलवल्या. हुकूम काढता आला असता. पण या बायकांना हुकूम दिला की त्या "बरं" म्हणतात आणि आपल्याला हवं तेच करतात, हे लेसियाला चांगलं माहीत होतं. ती त्यांच्यातलीच होती. तिला आठवलं ते वडिलांचं शेत. जुने लोक एक हंगाम रान मोकळं सोडत, पुढच्या वर्षी त्यातच पेरत.

"बरं, बंद नको. पडीक टाका," ती म्हणाली. "फोन संपला की भाच्याला सांगायचं, आजचं अर्ध्या पानात लिही. ते अर्धं पान म्हणजे बियाणं. बाकी रान पडीक. पुढचा फोन आला की तेवढंच बियाणं घेऊन नव्याने पेरायचं. खुबाही राहील, नातही राहील."

व्हर्नाने जरा विचार केला. "पिरोही?"

"पिरोही जाईल."

"चालेल. तसेही नातीच्या सासूच्या पिरोही कडकच असतात."

त्या आठवड्यापासून फोनखोलीत 'पडीक टाकलं का' हा शब्द रूढ झाला. लेसियाने आणखी एक केलं. पत्ता बदलणं, जमिनीचा नंबर शोधणं असली किरकोळ कामं त्याच कंपनीच्या धाकट्या, स्वस्त यंत्राकडे वळवली. घराला खिळा ठोकायला कोणी सुताराला दिवसाच्या मजुरीवर बोलावत नाही. मे महिन्याचं बिल साडेतीन हजारांच्या आत आलं.

तरी जूनच्या बैठकीत डेरिकचा ठराव होताच, आणि तो चुकीचा माणूस नव्हता. अकरा हजारांचं बिल कुणीही विसरलेलं नव्हतं. अध्यक्ष ऑरेस्ट सोरोका, पंचाहत्तरीचा, अजून स्वतः ट्रॅक्टरवर बसणारा. हिवाळ्यात त्याची बायको स्टेला गेली होती, तेव्हापासून तो कमी बोले, पण बैठक चुकवत नसे.

"चूक माझी," लेसियाने उभं राहूनच सुरुवात केली. "मोजमाप मी वरच्या मजल्यावर केलं. वरचे लोक भाच्याशी तार पाठवल्यासारखं बोलतात. खाली बायका माणसांशी बोलतात. मी स्वतः तिथे बसलेली, मला हे आधी कळायला हवं होतं."

"ते ठीक," ऑरेस्ट म्हणाला. "पण मी डिझेल भरतो तेव्हा दर पंपावर लिहिलेला असतो."

"भाच्याचाही दर लिहिलेला आहे. किती पिणार ते लिहिलेलं नाही. तुमच्या ट्रॅक्टरवर तरी कुठे असतं?"

एक-दोघे हसले. डेरिक हसला नाही. "मला वर्षाचा एक आकडा हवा. बजेटमध्ये एकच रकाना आहे. ओंटारियोवाले एक आकडा देतात."

"डेरिक, यंदा जुलैमध्ये किती गारा पडतील?"

"ते कसं सांगणार?"

"मग आपण शेतकऱ्याला विम्याचा दर कसा सांगतो?"

उत्तर ऑरेस्टने दिलं, आणि देता देता त्याच्या ध्यानात येत गेलं. "सरासरी धरतो. आणि वाईट वर्षासाठी राखीव बाजूला काढतो."

"शंभर वर्षं आपण न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत ठरवून जगतोय," लेसिया म्हणाली, "आणि मी एक मीटर आणलं तर सगळ्यांना एकच आकडा हवा झाला! मलाही तेच द्या. महिन्याचे साडेतीन हजार, आणि गारांच्या दिवसांसाठी वीस हजार राखीव. राखीव अर्धी संपली की घंटा वाजेल, मला आणि डेरिकला. नळ आपोआप बंद होणार नाही. गारा पडल्यावरच तो बंद पडणार असेल तर घ्यायचा कशाला?"

बरीच चर्चा झाली, मध्ये कॉफी झाली, बेरीची पेस्ट्री झाली. अखेर ऑरेस्टने निकाल दिला. वीस हजार मंजूर. पण राखीव ओलांडली तर शरदातल्या बैठकीत डेरिकचा ठराव पास, फोन ओंटारियोला. लेसियाने हो म्हटलं. हातातलं होतं नव्हतं ते सगळं त्या एका शब्दावर लावून ती जिना उतरली, आणि खाली येऊन व्हर्नाला म्हणाली, "मिळाले." अट सांगायला ती विसरली नाही. व्हर्नाने एवढंच विचारलं, "पुरतील?" लेसिया म्हणाली, "पुरवू."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते वादळ आलं. मेलव्हिलपासून कॅनोरापर्यंत पट्टाच्या पट्टा झोडपला. कनोला फुलात होता. सकाळी लोक बाहेर आले तर पिवळ्या रानाच्या जागी हिरवा चिखल. म्युच्युअलच्या सगळ्या लाइनी एकदम पेटल्या. लेसियाने खरेदीच्या खोलीला कुलूप घातलं, खाली आली, रिकाम्या खुर्चीत बसली आणि कानाला यंत्र चढवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजली. अर्धी राखीव खलास, आणि अजून ऑगस्ट सगळा बाकी होता. डेरिक हातात फोन घेऊन जिना उतरून आला.

"लेसिया, शेतात जाऊन नुकसान मोजणाऱ्या पाहणीवाल्यांपुरता भाचा ठेव, फोनखोलीचा आज बंद कर. बायका हाताने लिहितील. मी तुझ्याच फायद्याचं सांगतोय. असंच चाललं तर आठवड्यात तू अट हरशील."

तो खरंच तिच्या फायद्याचं सांगत होता. लेसियाने खोलीकडे बघितलं. पंचवीस बायका, प्रत्येकीच्या कानात कोणीतरी घाईघाईने बोलत होतं, शिवाय अजून लोक लाइनीवर ताटकळत होते.

"वादळाचे फोन पहिल्या तीन दिवसांत येतात, डेरिक. चौथ्या दिवशी निम्मे होतात. मी या खुर्चीत उन्हाळे काढलेत. नळ चालू राहील."

"आणि नाही झाले निम्मे तर?"

"तर तू ठराव लिहून ठेवलेलाच आहेस."

डेरिकने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सगळ्यांसाठी कॉफी आणायला गेला. लेसियाचं बरोबर होतं हे सप्टेंबरात कळलं, राखीव रकमेत थोडे पैसे उरले होते. पण त्या दुपारी ते कोणालाच माहीत नव्हतं.

तिने पुढचा फोन घेतला. पलीकडे ऑरेस्ट होता.

"लेसिया? तू कशी काय फोनवर?"

"आज सगळेच फोनवर. सांगा, ऑरेस्ट."

"दक्षिणेकडच्या जमिनीचे तीन क्वार्टर. नंबर... थांब. नंबर मला पाठ नाहीत. दर वेळी स्टेलाच फोन करायची. मी मागून ओरडायचो, ती मला गप्प बस म्हणायची. आज हा फोन माझ्या हातात आला आणि मला कळेना, आधी काय सांगतात."

नंबर भाच्याने तोवर पडद्यावर आणून ठेवले होते. लेसियाने ते वाचून दाखवले. ऑरेस्ट "हो, हो, तेच" म्हणाला आणि तिथेच न थांबता स्टेलाबद्दल बोलायला लागला. ती वादळाच्या रात्री मेणबत्ती लावून खिडकीत बसायची. विम्याचे पैसे आले की त्याला न विचारता पडदे घ्यायची. बोलता बोलता तो एकदम थबकला.

"मी बोलत सुटलोय. तुझं मीटर पळत असेल."

"पळू दे. आजच्यासाठीच मागून घेतलंय ते, तुमच्याकडूनच. बोला."

"ओंटारियोच्या त्या पोरीला मी हे काय सांगणार होतो गं?" तो स्वतःशीच म्हणाला.

लेसियाने दाव्यातला पुढचा प्रश्न विचारला, तो विचारावाच लागतो.

"कनोला किती गेला, ऑरेस्ट?"

"सगळा."

तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात राखीव रकमेचा आकडा खाली उतरत होता. लेसियाने त्याच्याकडे बघितलं नाही. ऑरेस्टचा श्वास सावरेपर्यंत तिने फोन धरून ठेवला.